शून्यांतून एक वजा केला तर

इतकीं वर्षें शिकविल्यावर गेल्या पावसाळ्यांत पुन्हां विद्यार्थी होण्याचा प्रसंग आमच्यावर आला. आणि गुरु कोण, तर आमच्याच इयत्ता नववींतील, गणितांत शेवटून दुसरा येणारा एक मुलगा! ती हकीकत आमच्या बालवाचकांस व त्यांच्या मातापितरांस सांगावी असें मनांत आहे.

या मुलाच्या मामांनीं परदेशांतून त्याला एक जुना गेम बॉय आणून दिला होता. हातांत मावणारें हें खेळाचें यंत्र निन्टेंडो या जपानी कंपनीनें १९८९ सालीं बाजारांत आणलें. तासाच्या वेळीं तें बाकाखालीं सांपडलें, म्हणून आम्हीं जप्त केलें. तेव्हां तो हळूच म्हणाला, "सर, मी खेळत नव्हतों. मी केलेला खेळ यांत चालतो कीं नाहीं तें पाहत होतों."

मुलांच्या सबबी आम्हांस नव्या नाहींत. परंतु त्यानें दप्तरांतून आलेखाची वही काढली. आठ आडवे व आठ उभे चौकोन, आणि प्रत्येकांत ०, १, २, ३ यांपैकीं एक अंक. वही दूर धरून पाहिली तों आंबा दिसला! त्या यंत्राचा पडदा १६० ठिपके रुंद व १४४ ठिपके उंच. फिकटापासून गडदापर्यंत छटा चारच. सगळीं चित्रें अशा आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनांचीं. कामापुरती स्मृति अवघी ८ किलोबाइट. फोनवरील एखादें छायाचित्रहि तींत मावावयाचें नाहीं. ज्यांच्या नेतृत्वाखालीं हें यंत्र घडलें ते गुनपेइ योकोइ, जुनें, स्वस्त व कसास उतरलेलें साहित्यच नव्या रीतीनें वापरावें, अशा मताचे होते. शिकणाऱ्यास यांत मोठाच लाभ आहे; यंत्र लहान म्हणून त्याचा कानाकोपरा एका माणसाच्या डोक्यांत राहूं शकतो. आमच्या शाळेंतील नव्या संगणकाविषयीं असें कोणास म्हणतां येईल?

शाळा सुटल्यावर आम्ही दोघे बसूं लागलों. आज्ञा 'सी' नांवाच्या भाषेंत लिहावयाच्या, आणि गेम बॉयची नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रॅमवर त्या संगणकावरच चालवून पाहावयाच्या. खेळ साधा होता : वरून आंबे पडतात, खालीं टोपली धरावयाची, तीन आंबे सुटले कीं खेळ संपला. आम्हीं मोठ्या उत्साहानें पहिला आंबा पडद्याच्या कोपऱ्यांत, शून्य-शून्य या स्थानीं ठेविला. तो दिसेचना. दोन संध्याकाळ गेल्या. मग कळलें कीं, हलणाऱ्या चित्रांची मोजणी या यंत्रांत पडद्याबाहेरून सुरू होते. दिसणारा कोपरा म्हणजे आडवे ८, उभे १६. आंबा होता, पण पडद्याबाहेर!

खरी फजिती पुढेंच झाली. तीन आंबे सुटले, चार सुटले, दहा सुटले, तरी खेळ संपेना. आम्हीं कपाळास आंठ्या घालून म्हटलें, "तूं कांहीं तरी चुकीचें लिहिलेंस. वर्गांतहि तुझें असेंच होतें." तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें एवढेंच केलें कीं, उरलेल्या संधींचा आंकडा पडद्यावर उमटेल अशी सोय केली, आणि मुद्दाम आंबे पडूं दिले. २, १, ०. आणि मग २५५.

एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतच्या संख्या मावतात. जी जागा आम्हीं संधींसाठीं नेमली होती तींत ऋणसंख्या नव्हत्याच. शून्यांतून एक वजा केला कीं, घड्याळाचा कांटा उलटा फिरवितांना एकावरून बारावर यावा, तसा २५५ येतो. आणि आज्ञा होती, "संधि शून्यापेक्षां कमी झाल्यास खेळ संपव." शून्यापेक्षां कमी तें कधीं होणार? ही ओळ आम्हींच सांगितली होती. मुलानें तसें म्हटलें नाहीं; तिच्यावर बोट मात्र ठेविलें. आम्ही वरमलों. "शून्य होतांच संपव," अशी दुरुस्ती त्यानेंच केली, आणि खेळ संपूं लागला.

दुसऱ्या दिवशीं तो आपली चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन आला. चार गुणांच्या एका उदाहरणावर आम्हीं तांबड्या शाईनें आडवी रेघ मारून शून्य दिलें होतें. "सर, यांतहि एकेका ओळीचें उत्तर पाहतां येईल का?" आम्ही शेजारीं बसलों. पहिली ओळ बरोबर. दुसऱ्या ओळींत कंस सोडवितांना वजास वजानें गुणून अधिक करावयाचें राहिलें होतें. त्यापुढील पांचहि ओळी, त्या चुकलेल्या आंकड्यावरून धरल्यास, बिनचूक होत्या.

"म्हणजे मला सगळेंच येत नाहीं असें नाहीं ना, सर?" त्यानें विचारलें.

त्या वर्गाच्या आणखी ४१ उत्तरपत्रिका कपाटांत होत्या. आम्हीं शिपायाकडून किल्ली मागविली.