हात, सही आणि शिक्का

धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावात 26 जानेवारीच्या ग्रामसभेला निम्म्या घरांना कुलूप असतं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असते. परत येईस्तोवर मार्च उलटतो. कोरमचं तरी फारसं अडत नाही. 15 टक्के मतदार किंवा 100, यांत कमी असेल ते पुरतं, आणि तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब करून पुन्हा भरवता येते. हात वर करा म्हटलं की हात वर होतात आणि ठराव मंजूर होतो.

मी बचत गटांचं काम करते, महिला सभेलाही असते आणि ग्रामसभेलाही. त्यामुळे ठरावापेक्षा हातांकडे बघायची सवय लागली आहे. आधी पुढच्या खुर्च्यांवरच्या दोघातिघांचे हात जातात. मग ज्यांनी मुकादमाची उचल घेतली आहे त्यांचे. बाया एकमेकींकडे बघून पदर सावरत अर्धा हात करतात, तो मोजणाऱ्याला पूर्ण दिसतो. विरोधातला हात मी क्वचितच पाहिला. ब्रिटनमध्येही 1872 पर्यंत मत सगळ्यांदेखत तोंडानं सांगावं लागे. मालकाच्या जमिनीवर राहणारं कूळ तिथे काय सांगत असेल, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

दारूबंदीचा विषय निघाला तेव्हा वाटलं, इथे तरी वेगळं होईल. गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मतपत्रिका गुप्त, पण तिथवर पोचायचं सह्यांच्या वाटेनं, आणि सही म्हणजे नाव. अधिकारी पडताळणीला येतात तेव्हा सगळ्यांसमोर ‘होय, ही माझीच’ म्हणावं लागतं. काहीजणी तिथेच गळाल्या. एक काकू मात्र म्हणाल्या, “सही केली तर दुकानदार आमच्या मालकाला उधार देणार नाही म्हणता? मग तर करतेच!”

त्याआधीच्या महिला सभेत एक मावशी उठल्या होत्या. “दुकान बंद झाल्यावर तांड्यावर, वस्तीवर हातभट्टी पेटंल. तिचं काय करणार?” कुणीतरी मागून म्हणालं, “हिच्या घरी बाटली उभीच असती.” हशा पिकला, मावशी बसल्या. प्रश्न खरा होता. उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं, आणि हशामुळे ते शोधायची गरजही उरली नाही. पुढच्या खुर्च्या बायांना गप्प बसवतात म्हणून आम्ही चिडायचो. त्या दिवशी आमच्याच घोळक्यानं तेच केलं. त्यानंतर चळवळीच्या बैठकांत वेगळं बोलणारी बाई मला दिसली नाही. एकमत झालं म्हणून सगळ्या खूश.

सह्या पावसाळ्यात झाल्या. कागद फिरेस्तोवर दिवाळी उलटली आणि मतदान थंडीत आलं. पोलीस, मंडप, आडोशाला शिक्का मारायची जागा. म्हाताऱ्या बायका काठी टेकत आल्या, काहीजणी नवऱ्याला ‘जाते’ एवढंही न सांगता. मतपेटी उघडली तेव्हा आडव्या बाटलीचा ढीग उभीच्या कितीतरी मोठा होता. तरीही दुकान राहिलं.

याचं कारण हिशेबात आहे. आलेल्या बायांपैकी निम्म्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बाया आडव्या बाटलीकडे लागतात. समजा यादीत 800 नावं आहेत. 500 जणी आल्या आणि 390 जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी 401 होत नाहीत. दुकान चालू. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते, मग ती फडावर ऊस तोडत असो, लग्न होऊन माजलगावला नांदत असो, की वारलेली असो. दुकानदाराला प्रचार करायची गरजच नाही, बाया घरी राहिल्या तरी त्याचं भागतं. ग्रामसभेत नेमकं याच्या उलट: तिथे गैरहजर माणूस मोजलाच जात नाही, म्हणून शंभर जणांत गावाचा ठराव होतो. एकाच गावातल्या त्याच ऊसतोड बायका एका हिशेबात शून्य धरल्या जातात आणि दुसऱ्या हिशेबात विरोधक. दोन्हीकडे त्यांना विचारलेलं कुणीच नसतं.

त्या निकालात मला आणखी एक गोष्ट दिसली. उभ्या बाटलीची मतं आमच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त होती. बैठकीत एकही नव्हती, पेटीत निघाली. काही धाकानं पडली असतील. काही त्या मावशींसारख्या विचारानं पडली असतील, पण गुप्त शिक्क्यावर ‘का’ लिहिता येत नाही, आणि जिथे सांगता आलं असतं तिथे आम्ही हसलो होतो.

आता गटातल्या दोघी मतदार यादी घेऊन घरोघर फिरतात. वारलेल्यांसाठी नमुना 7, सासरी गेलेल्या लेकींचं नाव तिकडे हलवायला नमुना 8. त्यावरही भांडणं आहेत. माहेरच्या यादीतून नाव गेलं की जमिनीतला हक्क जाईल, अशी भीती काही लेकींना वाटते. तसं काही होत नाही, हे पटवायला वेळ लागतो. पुन्हा मागणी करायची तर एप्रिलातच, टोळ्या परतल्याबरोबर, म्हणजे मतदान दिवाळीच्या आत पडेल असं बहुतेकींचं म्हणणं. मावशींचं म्हणणं, सह्यांआधी हातभट्टीचा विषय महिला सभेत घ्या, आणि मत मोजायचं ते नंतर, आधी प्रत्येकीला बोलू द्या. यावर गेल्या बैठकीत दोन तास वाद झाला. निम्म्या बाया चिडून उठून गेल्या, ठराव काही झाला नाही, आणि पुढची बैठक मावशींच्या ओसरीवर ठेवली आहे.