पाय बघा आधी!

वाचकहो, बांधावरचा उंबर पिकला की एखाद्या सकाळी त्याच्याखाली जरा उभे राहा. आधी काहीच दिसणार नाही. फळे टपटप पडतील, पानांतून माणसाने घालावी तशी शीळ येईल. मग एखादे पान हलेल आणि ते पान नसून पाखरू आहे, हे ध्यानात येईल. हाच हरियाल, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. डोके राखी, अंग हिरवट पिवळे, खांद्याशी जांभळट डाग आणि पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे.

हे पाय लक्षात ठेवा. सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला गेलो, तेव्हा माझी तिथेच फजिती झाली. फळांनी लगडलेल्या झाडावर हिरवा थवा दिसला आणि मी "हरियाल, हरियाल!" म्हणून ओरडलो. सोबतचे काका हसले. म्हणाले, "पाय बघा आधी."

पाय लाल होते! हा हरियालाचा भाऊबंद. हरियाल सुमारे ३३ सेंटीमीटर, तर हा २७. नराच्या पाठीवर तांबूस-तपकिरी शाल पांघरल्यासारखी दिसते. मादी मात्र पाठीवरही हिरवीच. याला सह्याद्रीचे ओले रान लागते. हरियालाचे तसे नाही. विदर्भ-मराठवाड्यात रस्त्याकडेच्या वडा-पिंपळावरही तो सुखाने राहतो.

हरियाल जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरला तरी पंजात काडी धरतो, असे जुनी माणसे सांगत. काडीची गोष्ट सोडून द्या, पण त्याचा जन्म झाडावरच जातो हे खरे. घरटे म्हणजे चार काटक्या, त्यात दोन पांढरी अंडी.

हा पक्षी उंबराचे बी पेरतो, असे मी मानत होतो. पण याच्या पोटात ते बारीक बी बहुतेक भरडले जाते. पेरणीचे काम कोकीळ, बुलबुल, मैना करतात. हा नुसता खाणारा!

हे मी घरी सांगितले आणि पस्तावलो. पिकावर सावली पडते म्हणून आमचा उंबर विकायचे थोरल्या भावाच्या मनात होतेच. "खाऊन परत काही देत नाही ना?" त्याने विचारले. मी त्याला पहाटे झाडाखाली नेले. तो बराच वेळ वर बघत राहिला. लाकूडवाला दुपारी आला, तेव्हा "सुगी झाल्यावर बघू" म्हणून त्याने त्याला वाटेला लावले. ही सुगी आता महिन्यावर आली आहे.