प्रोसेसर बदलण्याआधी

मागच्या मे महिन्यात जालन्याच्या मोंढ्यातल्या एका आडतीचे मुनीम मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर डबा धरून माझ्या दुकानात आले. "भाऊ, सीपीयू लई हँग व्हायलाय. आतला प्रोसेसर बदलून टाका, पैशाचं मालक बघतील." आमच्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली दडलेला असतो. जेमतेम दीड इंचाचा चौकोन.

डब्याची बाजू काढली तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये भुशाची गादीच बसलेली. तूर, सोयाबीन, मका, जे जे त्या आडतीत उतरलं त्याची वर्षानुवर्षांची धूळ. हीटसिंकखालची पेस्ट खडूसारखी वाळली होती. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. पत्र्याचं छत, चाळिशी ओलांडलेला पारा आणि वाट बुजलेली हवा. तो बिचारा जीव वाचवत चालला होता. ब्रश मारला, ब्लोअर मारला, जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसली आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. मुनीम संध्याकाळी तोच प्रोसेसर घेऊन परत गेले.

ही झाली सोपी गोष्ट. पण वीस वर्षं हे काम करताना मला एक सवय लागली आहे. 'बदलून द्या' असं कुणी म्हटलं की आधी बघायचं, या डब्यात कोण कुणाची वाट बघतंय?

घनसावंगी तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचा संगणक आला तेव्हा तो मुलगा रडकुंडीला आला होता. दाखल्यांसाठी दारात माणसं उभी आणि एक पान उघडायला मिनिट लागतंय. त्याच्या डोक्यात प्रोसेसरच होता, कारण डब्यावरच्या स्टिकरवर त्याचंच नाव असतं. मी टास्क मॅनेजर उघडून त्याच्यापुढे केला. प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत आणि डिस्क सतत 100 टक्क्यांवर. जुन्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते. ऐकायला मोठं वाटतं. पण तिचा एक फेरा होईपर्यंत 3 गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे अडीच कोटी ठोके होऊन जातात. एवढे ठोके तो हातात काही न घेता बसून असतो. त्याच्या जागी दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला असता, तर त्याचे दुप्पट ठोके वाट बघण्यात गेले असते. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली, चार जीबीची रॅम आठ केली. त्या दिवसापासून त्या मुलाचा फोन नाही, आणि आमच्या धंद्यात फोन न येणं ही पावती असते.

मग प्रोसेसर बदलावा असा डबा येतच नाही का? येतो. अंबडचे एक जण लग्नपत्रिका छापतात आणि लग्नाचे व्हिडिओही जोडून देतात. त्यांच्याकडे एच-61 चा मदरबोर्ड होता, त्यावर आय-3 2120, म्हणजे दोन कोअर. एसएसडी होती, रॅम पुरेशी होती, पंखा स्वच्छ होता. तरी जोडलेला व्हिडिओ तयार करायला लावला की प्रोसेसरचे सगळे आलेख छताला टेकायचे आणि तासन्‌तास तिथून हलायचे नाहीत. इथं वाट बघणारी सगळी यंत्रणा होती आणि राबणारा एकटा प्रोसेसर. त्याच खोबणीत आय-5 3470 बसतो, चार कोअरचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला मागवला.

या कामात एक गोम आहे. 3470 हा तिसऱ्या पिढीचा आणि बोर्ड दुसऱ्या पिढीच्या काळातला. बोर्डाचा बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारी त्याची आज्ञावली, आधी नवी करावी लागते, तीही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. ते चालू असताना वीज गेली की बोर्ड संपला. माझा एक गेलाय असा. गिऱ्हाइकाला मी पदरचा दिला. तेव्हापासून यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय मी बायॉसला हात लावत नाही. आणि खोबणीत 1155 पिना असतात, केसासारख्या. एक जरी वाकली तरी बोर्ड मुका होऊ शकतो. म्हणून हे काम मी सकाळच्या उजेडात करतो, दुकानात गर्दी नसताना. अंबडच्या त्या डब्याला केलेला खर्च एका लग्नसराईत भरून निघाला, असं ते स्वतः सांगून गेले.

त्याहून जुने, जी-31 बोर्डाचे डबे अजून येतात. त्यात कोअर टू क्वाड टाकून द्या म्हणतात. मी टाकत नाही. तो बोर्ड 4 जीबीच्या वर रॅम घेत नाही, आणि 105 वॉटचा क्यू-6600 त्या म्हाताऱ्या बोर्डावर बसवणं म्हणजे थकलेल्या बैलाला दोन नांगर जुंपणं.

सगळ्यात जड जातं ते विंडोजचं सांगणं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एका शिक्षकांचा सहाव्या पिढीचा संगणक अगदी सुस्थितीत आहे. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच मापाच्या खोबणीचा, 1151 चाच. त्यामुळे त्यांना आशा वाटली. पण त्यांच्या बोर्डावर तो चालत नाही, त्याला 300 मालिकेचा बोर्ड लागतो. म्हणजे बोर्डही बदला, कदाचित रॅमही. मग प्रोसेसर बदलला असं म्हणण्यात अर्थच राहत नाही. मी त्यांना लिनक्स टाकून दिलं. प्रश्नपत्रिका टंकायला आणि मुलांना व्हिडिओ दाखवायला ते पुरेसं आहे.

माझा हिशेब साधा आहे. प्रोसेसर आणि मजुरी मिळून खर्च दुसऱ्या वापरलेल्या चांगल्या संगणकाच्या एक तृतीयांशावर गेला, की मी नको म्हणतो. त्या डब्यातला वीज पुरवणारा एसएमपीएस आणि बोर्ड किती दिवस साथ देतील, याची हमी मला देता येत नाही.

तुमचा संगणक हळू झाला असेल, तर तो घेऊन निघण्याआधी एवढं करा. रोजचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यापुढचे तीन आकडे कागदावर लिहा, आणि तो कागद दुरुस्तीवाल्याच्या हातात डब्याच्या आधी द्या.