समाचाराला जाणें

‘समाचार’ हा शब्द मराठींत तीन घरीं नांदतो. बातमी हा त्याचा एक अर्थ. एखाद्याची खरडपट्टी काढली म्हणजे त्याचा समाचार घेतला, हा दुसरा. आणि ज्या घरीं कोणी दिवंगत झालें असेल तेथें जाऊन दोन घटका बसून येणें, हा तिसरा. यांपैकीं पहिल्या व तिसऱ्या अर्थाची सोयरीक फार जुनी आहे. ती अलीकडे तुटत चालली आहे असें आम्हांस वाटतें, आणि त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या लहानपणीं मृत्यूची वार्ता बहुधा पोस्टकार्डानें येई. त्या कार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ नसे, कित्येकदां एक कोपरा फाडलेला असे; त्यामुळें मजकूर वाचण्यापूर्वींच तें काय आहे हें कळून चुके. वडील मंडळी तें दाराबाहेर उभ्यानेंच वाचीत, वाचून लागलीच फाडून टाकीत, आणि मग नात्याच्या मानानें कोणी नुसतें स्नान करी, कोणी सुतक धरी. मजकूर ठराविक असे: अमक्या तिथीस अमक्यांस देवाज्ञा झाली. परंतु खालीं चार बोटें जागा उरली कीं लिहिणाराचा हात सैल होई. शेवटचे आठ दिवस अन्न तुटलें होतें, धाकटा वेळेवर पोंचूं शकला नाहीं, तुमची आठवण काढिली होती, असें कांहींबाहीं तेथें दाटीवाटीनें लिहिलेलें असे. आणि मागाहून घरांत बोलणें निघे तें त्या चार बोटांतल्या मजकुराचें. तार आली म्हणजे मात्र ती उघडण्याच्या आधींच रडें सुरू होई, मग आंतून कोणाच्या नोकरीची खुशाली निघाली तरी हरकत नसे! ती तारही २०१३ सालीं बंद झाली.

आपल्या धर्मशास्त्रानें या वार्तेचा विचार किती बारकाईनें केला आहे, तें पाहण्यासारखें आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ हा १७९० च्या सुमाराचा ग्रंथ. सुतकाचे नियम पुष्कळ घरीं त्याच्याच आधारें सांगितले जात आले. मृत्यूनंतर दहा दिवसांच्या आंत वार्ता कळली तर उरलेल्या दिवसांपुरतेंच सुतक. त्यापुढें कळली तर जसजसा काळ लोटला असेल तसतसें तें कमी होत जातें, आणि वर्ष उलटून गेल्यावर कळली तर केवळ स्नान. मात्र आईबापांच्या बाबतींत हा हिशेब लागूं नाहीं. पुत्रास ती वार्ता कितीही वर्षांनीं कळो, कळल्या दिवसापासून पुरे दहा दिवस! आम्ही सोंवळ्याओंवळ्याचे फारसे अभिमानी नाहीं. परंतु हा नियम ज्यानें प्रथम सांगितला त्यास मनुष्याचें मन चांगलें ठाऊक होतें, यांत शंका नाहीं. बाप वारल्याची तिथि एक, आणि मुलाच्या लेखीं तो वारल्याची तिथि दुसरी.

आणि निश्चित वार्ता आलीच नाहीं तर? १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं पुण्याच्या मनांतला संशय पुरता फिटला नाहीं. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करिलें नाहीं; आणि पुढें भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला तेव्हां त्यास अनुयायीही पुष्कळ मिळाले. १७७६ सालीं त्यास देहांत शासन होईपर्यंत, म्हणजे पानिपतानंतर पंधरा वर्षें, एक मेलेला मनुष्य दक्षिणेंत अर्धवट जिवंतच होता.

आतां वार्तेला विलंब म्हणून राहिला नाहीं. प्राण जाऊन अर्धा तास होत नाहीं तोंच आमच्या खिशांतील मोबाइल थरथरतो. गेल्या आषाढांत आमचे एक जुने सहाध्यापक वारले. महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲपवरील गटांत ती बातमी येऊन पडली, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याखालीं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द सत्तेचाळीस वेळां उमटले; मध्येंच कोणा एकास वाढदिवसाच्या शुभेच्छाही मिळाल्या. आम्हीं ते मोजले, कारण त्या दिवशीं दुसरें कांहीं सुचत नव्हतें. ते शब्द खोटे होते असें आमचें म्हणणें नाहीं. लिहिणारांपैकीं कित्येकांचे डोळे भरले असतील. परंतु गेलेले गृहस्थ होते कसे, हें सत्तेचाळिसांतील एकानेंही लिहिलें नाहीं.

चौथ्या दिवशीं आम्ही त्यांच्या घरीं समाचारास गेलों, तों तेथें प्रयोगशाळेंतील एक निवृत्त शिपाई बसले होते. त्यांनीं सांगितलें कीं, एकदां एका विद्यार्थ्याच्या हातून महागाचा तराजू पडून फुटला, तर सरांनीं नुकसानीच्या वहींत स्वतःचें नांव लिहिलें. आणि मग त्या मुलाला असें फैलावर घेतलें कीं तो तीन दिवस वर्गाकडे फिरकला नाहीं. हें ऐकून बाई एकदम म्हणाल्या, “अहो, म्हणजे त्या महिन्यांत पगार कमी आला होता तो यामुळें! मी केवढी भांडलें होतें त्यांच्याशीं.” आणि त्या हंसल्या. चाळीस वर्षांच्या संसारांतील एक कोडें त्या शिपायानें येऊन सोडविलें.

मेलेल्याविषयीं वाईट बोलूं नये हा संकेत चांगला आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे कीं, वर्तमानपत्रांवरून पाहतां महाराष्ट्रांत मनमिळाऊ, निगर्वी व अजातशत्रु नसलेला मनुष्य आजवर मेलाच नाहीं. आगरकर अजातशत्रु खास नव्हते. पुण्यानें जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढिली होती. १७ जून १८९५ रोजीं ते वारले, तेव्हां ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो वर्षानुवर्षें त्यांच्याशीं कडाक्याचा वाद घातलेल्या टिळकांनीं. फेब्रुवारी १९१५ मध्यें गोखले गेले, तेव्हां त्यांच्या चितेजवळही टिळकच बोलावयास उभे राहिले. यांत औदार्य होतें तसें आणखीही कांहीं होतें. ज्यानें एखाद्याशीं जन्मभर झोंबी घेतली, त्याला त्याचें वजन जसें अचूक ठाऊक असतें तसें तें स्तुतिपाठकाला कोठून असणार?

पुढें खुद्द टिळकांच्या मागें सदाशिव विनायक बापट यांनीं त्यांच्या आठवणी व आख्यायिका गांवोगांवच्या लोकांकडून मिळवून १९२४ ते १९२८ या काळांत तीन खंडांत छापिल्या. रमाबाई रानड्यांचें आठवणींचें पुस्तक त्याहून आधींचें, १९१० चें. न्यायमूर्तींची विद्वत्ता सांगावयास दुसरे पुष्कळ होते. पण बायकोला शिकवावयास घेतल्यामुळें घरांतल्या बायकांचा जो रोष झाला, त्याची हकीकत बायकोनेंच सांगावयास हवी होती.

या सर्वांच्या उलट एक चाल आहे. ती म्हणजे वार्ता दडवून ठेवण्याची. वृद्ध माणसाला सोसवणार नाहीं म्हणून त्याच्या भावाबहिणींचा मृत्यु त्याला सांगावयाचा नाहीं, असा बेत घरोघर होतो. आमच्या एक आत्याबाई एक्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णाकाका, नागपुरास वारले, तेव्हां आमच्या आतेभावानें हाच बेत केला. अण्णाचा फोन कां येत नाहीं, असें त्या रोज विचारीत. फोन बिघडला आहे, अण्णांना ऐकूं येत नाहीं, अशीं उत्तरें महिनाभर पुरलीं. मग त्यांनीं विचारणें सोडलें. एके दिवशीं आम्ही भेटावयास गेलों असतां त्या म्हणाल्या, “अण्णा मला विसरला रे.” भाऊ मेल्याचें दुःख त्यांना होऊं नये म्हणून भाऊ उलटल्याचें दुःख आम्हीं सर्वांनीं मिळून त्यांच्या पदरांत घातलें होतें.

आतेभावाशीं त्या रात्रीं बराच वाद झाला. अखेर तो म्हणाला, “सांगायचें तर तुम्ही सांगा.” दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांच्या खाटेवर बसून आम्हीं सांगितलें. त्यांनीं विचारलें इतकेंच: केव्हां गेला, जवळ कोण होतें, फार हाल झाले कां. मग भिंतीकडे तोंड करून त्या दुपारपर्यंत पडून राहिल्या. जेवल्या नाहींत. घरांतील कोणी आमच्याशीं धड बोलत नव्हतें. चार वाजतां त्यांनीं चहा मागितला आणि म्हणाल्या, “सहा वर्षांचा असतांना विहिरींत पडला होता तो, ठाऊक आहे तुला? मीच काढला. आईला शेवटपर्यंत कळूं दिलें नाहीं.” हें अण्णांच्या मुलीलाही ठाऊक नसणार, असें आम्ही म्हणालों. तेव्हां त्यांनीं कागद आणावयास सांगितलें. फोनवर नको, लिहूनच पाठवूं म्हणाल्या. माथ्यावर ‘श्री’ घालावयाचा कीं नाहीं असें आम्हीं विचारलें.

“घाल कीं. न घालायला काय झालें?”

दोन दुपारीं मिळून आठ पानें झालीं. विहिरीची हकीकत तिसऱ्या पानावर आहे.