श्रेय कुणाचं?

विद्यार्थिनीने छातीला बांधायचा पट्टा माझ्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात आणला आणि माझं स्वास्थ्य गेलं. हा पट्टा दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत टिपतो. ते थोडं मागेपुढे होत राहिलेलं बरं, हे हल्ली रुग्णच मला मनगटावरचं घड्याळ दाखवून सांगतात. मनगटाजवळच्या नेइग्वान बिंदूला सुई बसते, हाताला जड ओढ लागते, हळूहळू या मागेपुढे होण्याचा आकडा, म्हणजे आरएमएसएसडी, चढू लागतो आणि विद्यार्थिनी म्हणते, "मॅडम, व्हेगस मज्जातंतू जागा झाला!"

ऐकायला गोड वाटतं. एक आलेख तर मी चौकटीत घालायला निघाले होते.

पण तो आकडा चढला कशाने? श्वास घेताना ठोके जलद होतात, सोडताना मंदावतात. संथ श्वास घेणारा कोणीही सुईविना हा आकडा वाढवू शकतो, आणि मंद दिव्याखाली पडलेला रुग्ण दुसरं करतो काय? श्वास मिनिटाला ९ च्या खाली गेला तर आणखी पंचाईत. त्याची लाट ०.१५ हर्ट्झच्या खाली, कमी वारंवारितेच्या (एलएफ) पट्ट्यात उतरते, आणि त्याच्या जास्त वारंवारितेशी (एचएफ) असलेल्या गुणोत्तरावर चालणारं ॲप घोरायला टेकलेल्या माणसाला तणावग्रस्त ठरवतं. ठरावीक लयीत श्वास घ्यायला लावावा, तर तोच उपचार होऊन बसतो.

तुलनेसाठी खोटी सुई वापरावी? स्ट्राइटबर्गरची बोथट, मुठीत सरकणारी सुई १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. ती रुग्णाला फसवते, माझ्या बोटांना नाही. शिवाय बोथट टोकही कातडीला लागतंच, मज्जातंतूंना ते कळतंच. शोधनिबंधांत म्हणूनच कधी खरी सुई पुढे, कधी दोन्ही बरोबरीत.

'ड्राय नीडलिंग'वाले या भानगडीत पडत नाहीत. शनिवार-रविवारची कार्यशाळा करायची, आमच्या मेरिडियनला, शरीरातल्या ऊर्जामार्गांना, हसायचं आणि सुई आमचीच वापरायची! अर्थात श्रेय लाटण्यात आम्हीही कमी नाही. माझ्या भिंतीवर सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा फोटो आहे. चीनमध्ये ते शस्त्रक्रिया करत. ॲक्युपंक्चरची विद्या कोलकात्याला आणली ती १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्यांच्याच भारतीय वैद्यकीय पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. पण बसूंचा फोटो बघून इथे कोण थबकणार?

परवा विद्यार्थिनी म्हणाली, "सुया मी लावते, श्वासाचाही पट्टा बांधू. तुम्ही बाहेर बसा. तुम्ही बोलायला लागलात की रुग्ण निवांत होतो, तेवढं वजा करायला हवं."

तर्कात खोट नाही. पुढच्या आठवड्यात बघू, म्हटलं.