पुढचा आवाज, मागचा आवाज

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील कला, ओळख आणि लोकजीवन यांवर पॉडकास्ट करावेत, म्हणजे इंटरनेटवरून भागाभागांनी प्रसिद्ध होणारे आणि श्रोत्याला सवडीने केव्हाही ऐकता येणारे श्राव्य कार्यक्रम तयार करावेत, ही कल्पना महाराष्ट्रातील पत्रकारिता व जनसंवाद विभागांना आता नवी राहिलेली नाही. मोबाइल, कॉलरला लावायचा साधा माईक आणि फुकट मिळणारे संपादनाचे सॉफ्टवेअर एवढ्या साहित्यावर अर्ध्या तासाचा भाग उभा राहतो. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आल्यापासून पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागल्यामुळे अशा कामाला परीक्षेच्या चौकटीतही जागा झाली आहे. साधने सोपी झाली की कारागिरीही सोपी झाली, असा समज मात्र लगेच पसरतो आणि तो घातक आहे. कोल्हापूरची शिवाजी पेठ हे या कारागिरीची खरी परीक्षा पाहणारे ठिकाण आहे, कारण इथे सांगणारे पुष्कळ, आवाज मोठे आणि पेठेची प्रतिमा बाहेरच्यांच्या मनात आधीपासूनच पक्की झालेली असते.

अर्धा शिवाजी पुतळा, वरुणतीर्थ वेस, गांधी मैदान आणि पलीकडे रंकाळ्याच्या काठचा संध्यामठ या खुणांमध्ये पसरलेल्या या पेठेत तालीम म्हणजे केवळ कुस्तीची जागा नव्हे. ती मंडळ असते, चौकातली बैठक असते, गणेशोत्सवाची आणि शिवजयंतीची तयारी करणारी संस्था असते आणि अनेकदा फुटबॉलचा संघही असते. खंडोबा तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचे संघ पेठेचे म्हणून ओळखले जातात, फिरंगाई तालमीचे नाव देवीच्या नावाशी जोडलेले आहे, आणि ज्या शाहू स्टेडियमवर हे संघ मंगळवार पेठेतल्या पाटाकडील तालमीशी भिडतात ते स्टेडियमही एकेकाळच्या रावणेश्वर तळ्याच्या जागेवर उभे आहे, तसे गांधी मैदान वरुणतीर्थ तळ्याच्या जागेवर. ज्या जागा उरल्या नाहीत त्यांचा ध्वनी मुद्रित करता येत नाही, तो फक्त कुणाच्या तरी सांगण्यातून मिळतो. म्हणून अशा वस्तीत ध्वनिमुद्रण करणाऱ्याला म्हाताऱ्या माणसांपाशी बसण्यावाचून गत्यंतर नसते.

विद्यार्थ्यांच्या हाती आवाजाचे माध्यम येण्याची वाट भारतात कायद्याने फार काळ अडवलेली होती. प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला, आणि त्या खंडपीठाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचेच होते. त्यानंतर 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे थोड्या किलोमीटरच्या परिसरापुरत्या लोककेंद्री नभोवाणीचा, परवाना मिळू लागला. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ 107.4 मेगाहर्ट्झवर ऐकू येऊ लागली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये, 2008 मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली आणि माणदेशी बोलीतल्या बायकांचा आवाज त्यांच्याच घरात परत येऊ लागला. या केंद्रांना परवाना लागतो, मनोरा उभारावा लागतो आणि स्वतंत्रपणे बातम्या देण्याची मुभा त्यांना नाही. पॉडकास्टला यांपैकी कशाचीच गरज किंवा अडचण नाही. अडवणारे कुणी नसल्यामुळेच काय ऐकवायचे आणि कसे, याची सगळी जबाबदारी करणाऱ्यावर येऊन पडते.

आवाजाच्या तंत्राची कोल्हापूरला ओळख नवी नाही. प्रभात फिल्म कंपनी पुण्याला जाण्यापूर्वी याच शहरात होती आणि पहिला मराठी बोलपट म्हणून ज्याची नोंद आहे तो ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये इथेच तयार झाला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. पार्श्वगायनाची सोय त्या काळी नव्हती. नट-नट्यांना चित्रीकरण चालू असतानाच गावे लागे आणि साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत. आवाजांचा तोल आजच्यासारखा नंतर संगणकावर साधता येत नसे, तो माणसे माईकपासून किती अंतरावर बसवली यावर अवलंबून असे. गाणाऱ्या पात्राला जवळ, तबला थोडा दूर, अशी मांडणी करणारा ध्वनिमुद्रक त्या क्षणीच ठरवत असे की ऐकणाऱ्याला पुढे कोण ऐकू येणार आणि मागे कोण. तंत्र पुष्कळ पुढे गेले, तरी पॉडकास्ट करणाऱ्या विद्यार्थ्यापुढचा मूळ प्रश्न हाच राहिला आहे.

संध्याकाळी तालमीत मर्दानी खेळाचा सराव चालू असताना हा प्रश्न किती अवघड होतो ते नीट दिसते. मर्दानी खेळ म्हणजे लाठी, फरीगदगा, तलवार, भाला आणि दांडपट्टा ही शस्त्रे चालवण्याची परंपरेने आलेली कला. दांडपट्ट्याचे लवचिक पाते फिरते तेव्हा हवा कापल्याचा बारीक सपकारा येतो, लाठीवर लाठी आदळल्याचा टणत्कार दगडी भिंतींवरून परत येतो, आणि या सगळ्यांच्या वर हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा ताल चढत असतो. हलगीचे चामडे शेकून ताणलेले असते, म्हणून तिचा पहिला ठोका अतिशय तीव्र उठतो. माईकची संवेदनशीलता कमी केली नसेल, तर त्या ठोक्याचा वरचा भाग कापला जातो आणि तिथे फक्त चरचर उरते, याला क्लिपिंग म्हणतात आणि ते मागाहून दुरुस्त होत नाही. जाणकार ध्वनिमुद्रक म्हणून वादकाला आधी पूर्ण जोरात वाजवायला सांगतो, सर्वांत मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी बांधतो आणि माईक हलगीच्या तोंडासमोर न धरता थोडा तिरपा धरतो. मुलाखतीसाठी मात्र तो वादकाला किंवा वस्तादांना भिंतीपासून दूर, हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला बसवतो, कारण मोकळी माती आवाज शोषून घेते आणि भिंत तो परत पाठवते. माईक तोंडापासून वीतभर राहतो, फोन विमान-अवस्थेत टाकलेला असतो, आणि बोलणे संपल्यावर कुणीही न बोलता त्या जागेची शांतता मिनिटभर मुद्रित केली जाते. या शांततेला रूम टोन म्हणतात; दोन वाक्यांमधला छेद झाकायला पुढे तीच उपयोगी पडते, आणि जे विद्यार्थी ती घ्यायला विसरतात त्यांच्या भागात प्रत्येक कापाकापी कानाला टोचते.

इथवरचे तंत्र कुणीही शिकवू शकते. खरा कस लागतो तो मिश्रणाच्या वेळी, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे आवाज एकत्र आणून त्यांची पातळी ठरवताना. मर्दानी खेळावरच्या भागाचा ठरलेला साचा असा असतो: सुरुवातीला हलगी, मग ती हळूहळू खाली नेऊन तिच्यावर निवेदकाचा आवाज, मग वस्तादांची मुलाखत, पुन्हा हलगी, पुन्हा मुलाखत. ऐकायला हे बरे वाटते. पण अशा भागात शस्त्र चालवणाऱ्याला नाव असते, घराणे असते, आठवणी असतात, आणि ज्याच्या तालावर ते शस्त्र फिरते तो वादक नावावाचून निवेदनाखाली वाजत राहतो. हलगीची कला प्रामुख्याने मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. मिरवणूक असो, कुस्तीचे मैदान असो की जत्रा, तिच्याशिवाय पान हलत नाही, आणि तरीही मान कुणाला द्यायचा हे ठरताना वादकाची पाळी शेवटी येते. संगणकाच्या पडद्यावर हलगीची पट्टी खाली ओढणारा विद्यार्थी समाजातली जुनी उतरंडच नकळत पुन्हा मुद्रित करत असतो. त्याच्या मनात तसे काही नसते हे खरे. पण ऐकणाऱ्यापर्यंत मन पोहोचत नाही, पातळी पोहोचते. ज्या शहरात शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या शहराच्या विद्यापीठातून येणाऱ्या भागात हलगीवाल्याला बोलायला निम्मा वेळ मिळावा, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. हलगी कशी शेकतात, ऊन आणि पावसाळी हवा यांत तिचा आवाज कसा बदलतो, मल्ल सलामी देतो तेव्हाचा ताल आणि कुस्ती रंगते तेव्हाचा ताल यांत फरक काय, हे सांगू शकणारा तोच एकटा असतो, आणि श्राव्य माध्यमाला याहून अस्सल सामग्री दुसरी मिळणार नाही.

असाच प्रश्न बोलीचा. माईक समोर आला की पेठेतला माणूस दोनपैकी एका सुरात बोलू लागतो. एक तर तो पाहुण्यांसमोर बसल्यासारखा छापील मराठीत शिरतो आणि त्याची वाक्ये निबंधातल्यासारखी ताठ होतात. नाहीतर चित्रपटांनी आणि जाहिरातींनी ठरवून दिलेला रांगडा कोल्हापुरी गडी होऊन दर वाक्याला ‘नादखुळा’ आणि ‘लय भारी’ पेरू लागतो. दोन्ही सूर ऐकणाऱ्यासाठी घेतलेले असतात, त्यात माणूस स्वतःशी बोलतो तसा ऐकू येत नाही. ‘आपल्या संस्कृतीविषयी काय सांगाल?’ या प्रश्नाला याहून वेगळे उत्तर येणारही नाही. ‘पहिली लाठी हातात कुणी दिली?’, ‘ती कुठल्या लाकडाची होती?’, ‘हाताला फोड आले तेव्हा घरी कोण काय म्हणालं?’ असे ठोस, हाताला लागणारे प्रश्न विचारले की माणूस आठवणीच्या मागे जातो, माईक विसरतो आणि त्याचा रोजचा सूर आपोआप परत येतो. त्यासाठी प्रश्न विचारून गप्प बसण्याची सवय लागते, आणि नवशिक्यांना सर्वांत जड जाते ती हीच.

कोल्हापुरात पुष्कळ बायका आणि मुली स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी बघतो’ अशीच क्रियापदे वापरतात. बाहेरच्या संपादकाच्या कानाला ती चूक वाटते, आणि मुलाखत देणारी मुलगी शिकलेली असेल तर तीही माईकपुढे ‘आले, जाते’ असे सावरून घेते. मर्दानी खेळात आता मुलींची संख्या वाढली आहे. दांडपट्टा फिरवणारी मुलगी तालमीत एका व्याकरणात बोलते आणि मुलाखतीत दुसऱ्या, तेव्हा तिची ओळख नेमकी त्या दोहोंमधल्या अंतरात असते. असे बोलणे आहे तसे ठेवावे, त्यावर निवेदकाने खुलासा करू नये, आणि ‘पुन्हा एकदा नीट सांगता का?’ असे तर कधीच म्हणू नये. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील हे दोघेही आकाशवाणीच्या पुणे केंद्रात काम केलेले लेखक. दक्षिण महाराष्ट्राची बोली कागदावर आणि कथाकथनात आणताना तिला हसण्याचा विषय न करता ती माणसाच्या स्वभावाचा भाग म्हणून ऐकवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांना जमले ते रेकॉर्डर हातात असलेल्या विद्यार्थ्याला तुलनेने सोपे असायला हवे, कारण त्याला बोली घडवायची नसते, फक्त कापायची नसते.

फुटबॉलवरच्या भागांत वेगळीच काळजी घ्यावी लागते. पेठापेठांतली ईर्ष्या हा या शहराच्या जगण्याचा भाग आहे, पण सामन्यानंतरच्या तापलेल्या बोलण्यातला एखादा टोमणा संदर्भ तोडून वेगळा काढला, की तो तासाभरात साऱ्या शहरातल्या मोबाइलवर फिरतो. बोलणाऱ्याची संमती केवळ मुद्रणाला नव्हे तर संपादित भागालाही असावी, आणि ती आवाजातच, नावासह नोंदवलेली असावी. हा नियम सर्वच भागांना लागू आहे. इथे तो मोडल्यास किंमत लगेच मोजावी लागते, एवढाच फरक.

विद्यार्थ्यांचे बहुतेक पॉडकास्ट सत्रासोबत संपतात. गुण मिळतात, पुढची तुकडी नवा कार्यक्रम नव्या नावाने सुरू करते, आणि तासन्‌तास घेतलेले मूळ मुद्रण कुणाच्या तरी लॅपटॉपबरोबर निकालात निघते. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे हे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाने सिद्ध केले आहे: खेड्याखेड्यांत फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो साठा 2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर प्रसिद्ध होतो आहे, आणि तिथे गाणारीचे नाव, गाव आणि तालुका यांच्या नोंदी ओवीइतक्याच जपलेल्या आहेत. ती बाई मागचा आवाज राहिली नाही, कारण नोंद ठेवणाऱ्यांनी तिला मागे ठेवले नाही.

1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाकडे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रासारखे समृद्ध ग्रंथालय आहे, जनसंवादाचा विभाग आहे, संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. परिसरातल्या कलांवर विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रत्येक पॉडकास्टचे न कापलेले मुद्रण, बोलणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावे, ठिकाण, तारीख आणि त्यांची संमती यांसह ग्रंथालयात जमा झाल्याशिवाय त्या प्रकल्पाला गुण देऊ नयेत, आणि त्याची एक प्रत ज्या तालमीत, ज्या गल्लीत ते मुद्रण झाले तिथे पोहोचती करावी, एवढी विनंती या विषयाचे अध्यापन करणाऱ्यांना आहे.