बेकर स्ट्रीट ते बसवनगुडी

आपल्यापैकी अनेकांची शेरलॉक होम्सशी ओळख शाळकरी वयातच झाली असेल. माझी झाली ती सोलापूरच्या आमच्या घरी, भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या कथांतून. पुस्तकाचे मुखपृष्ठ फाटलेले होते आणि एका कथेचा शेवटही नाहीसा झाला होता; त्या कथेतील गुन्हेगार कोण, हे मला पुढे महाविद्यालयात गेल्यावरच कळले. आज मी बंगळूरला भाषांतराचे आणि संपादनाचे काम करते. गतवर्षी सुटीतील वाचनासाठी एखादी चातुर्यकथा द्यावी असे ठरले, आणि ते काम मी हौसेने मागून घेतले. सरळ भाषांतर न करता होम्सची एक कथा बंगळूरच्या भूमीवर उतरवावी, असे माझ्या मनात आले. तो उद्योग करताना माझ्या हातून काय घडले, ते आपल्यापुढे ठेवावे म्हणून हा लेख.

परदेशी गुप्तहेराला आपला वेष देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावे ज्यांच्या बालपणाशी निगडित आहेत, असे वाचक आजही भेटतात. त्यांच्या धनंजय आणि छोटू या जोडीवर होम्स आणि वॉटसन यांची छाया स्पष्ट दिसते. एक गंमत सांगते. अर्नाळकरांचे चष्म्यांचे दुकान होते. आणि होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनीही १८९१ साली लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून दवाखाना थाटला होता. तिकडे रोगी फिरकत नसत, म्हणून डॉक्टर कथा लिहीत बसले. दुसऱ्यांच्या दृष्टीचा व्यवसाय करणाऱ्या या दोघांनी वाचकांना बारकाईने पाहायला लावावे, हा योगायोग मला फार आवडतो.

बंगालीत सत्यजित राय यांनी फेलूदा निर्माण केला. तो कोलकात्याचा, पण एका कथेत आपल्या वेरूळच्या लेण्यांत येतो, आणि १९८९ च्या एका कथेत लंडनला जाऊन बेकर स्ट्रीटवर होम्सला गुरू मानून वंदन करतो. अशोक जैन यांच्यामुळे या कथा मराठी घरांत पोचल्या. इंग्रजीतून लिहिणाऱ्यांनी मात्र खुद्द होम्सलाच इकडे आणले. जामयांग नोर्बू यांनी १९९९ च्या कादंबरीत त्याला भारतमार्गे तिबेटात नेले, आणि विठ्ठल राजन यांनी ब्रिटिश राजवटीतील भारतात त्याला हिंडवून कथा लिहिल्या. ही पुस्तके वाचनीय आहेत. परंतु त्यांतला होम्स हा पाहुणा आहे. पाहुण्याला घरातील दिवाणखाना दाखवतात, माजघर दिसत नाही. मला हवा होता तो इथलाच रहिवासी.

तसा एक येथे होऊनही गेला आहे. एन. नरसिंहय्या यांनी कन्नडमध्ये शेकडो गुप्तहेरकथा लिहिल्या. त्यांचा नायक ‘पत्तेदार पुरुषोत्तम’. आपण ‘पत्ता लागला’ म्हणतो, तोच हा पत्ता. शब्द शेजारचाच निघाला, म्हणून मला उगाचच धीर आला.

मी निवडली ती नाताळातील हंसाची कथा, १८९२ सालची. चोरलेले रत्न हंसाच्या गळ्यातील पिशवीत सापडते, ती. आपल्याकडे नाताळचा हंस कोठून आणायचा? परंतु बसवनगुडीत कार्तिकातील शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी ‘कडलेकाई परिशे’ भरते. शेतकरी भुईमुगाचे नवे पीक नंदीला वाहतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांच्या राशी लागतात. रत्न शेंगांच्या पोत्यात लपवले की झाले! येथवर लेखणी भराभर चालली.

अडली ती टोपीपाशी. मूळ कथेत होम्स एक जुनी टोपी हाती घेतो आणि तिच्या मालकाचा सारा संसार सांगतो. मेणाचे डाग पडले आहेत, अर्थात घरी गॅसचा दिवा नाही. टोपी कित्येक आठवड्यांत झटकलेली नाही, अर्थात पत्नीचे प्रेम आटले आहे. (धुळीवरून पत्नीचे प्रेम मोजणारा हा ब्रह्मचारी आमच्या घरी आला असता तर त्याने काय अनुमान काढले असते, याचा विचार न केलेला बरा.) हे सारे लंडनचे ज्ञान आहे. डॉयल यांचे गुरू डॉ. जोसेफ बेल एडिंबरोच्या रुग्णालयात माणूस दारातून आत येताच त्याचा धंदा आणि गाव सांगत, असे म्हणतात. ते त्यांना साधले, कारण तेथील धंदे आणि गावे त्यांना ठाऊक होती. होम्स प्रथम भेटीत वॉटसनला म्हणतो की आपण अफगाणिस्तानातून आलात. त्याचा एक आधार वॉटसनचा उन्हाने रापलेला चेहरा. बंगळूरच्या बसथांब्यावर रापलेल्या चेहऱ्यावरून काय ओळखणार?

मी टोपीच्या जागी एक शर्ट घातला. कॉलर उलटवून शिवलेली, म्हणून मालक दरिद्री. विजारीच्या काठाला लाल माती, म्हणून तो इमारतीच्या बांधकामावरून आलेला. हे लिखाण मी आमच्या गल्लीतील शिंपीकाकांना वाचून दाखवले. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, त्या काळापासून या शहरात मराठी बोलणारी घराणी आहेत. काकांचे घराणेही असेच कैक पिढ्यांचे. त्यांची मराठी कानडीच्या हेलाची, पण गोष्ट त्यांनी मन लावून ऐकली.

“अक्का,” ते म्हणाले, “कॉलर उलटवून घेणारा दरिद्री नसतो. दरिद्री माणूस फाटकी कॉलर तशीच घालतो. उलटवून घेतो तो पगारदार, नाहीतर पेन्शनीतला, टापटिपीचा. आणि लाल मातीचे काय घेऊन बसलात? ती तर माझ्याही पायाला आहे.”

काकांचे म्हणणे खरे होते. होम्सच्या दुसऱ्या कादंबरीत वॉटसनच्या बुटावरील तांबूस मातीवरून होम्स ओळखतो की तो अमुक टपालकचेरीत जाऊन आला. कारण त्या भागात तशी माती केवळ तेथेच, फरसबंदी उकरलेल्या जागी होती. बंगळूरची सारी भूमीच लाल. येथे पुरावा ठरेल ती काळी माती. ती दिसली तर माणूस धारवाड-विजापुराकडून, नाहीतर आमच्या सोलापुराकडून आला, असे म्हणता येईल. काळ्या मातीतून आलेल्या मला लाल माती विशेष वाटत होती. ती विशेष नव्हती, मी परकी होते.

हे त्या सायंकाळी मला पटले. परंतु पटण्यापूर्वी, त्याच आठवड्यात, मी जे करून बसले होते ते आता सांगितले पाहिजे.

कार्यालयातील एका लेखाची हाताने दुरुस्त केलेली मुद्रिते नाहीशी झाली होती. डोक्यात होम्स शिरलेला. टेबलावरच्या फायलीला लाल मातीचे बोट लागलेले मी पाहिले. आमचे वृद्ध शिपाई त्या दिवशी सायकलवरून मागच्या कच्च्या रस्त्याने आले होते. ते लवकर घरीही गेले होते. तीन दुवे जुळले. दुसऱ्या दिवशी चारचौघांसमोर मी त्यांना विचारले, “कागद रद्दीत घातलेत ना?” ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या पुढ्यातला चहाचा रिकामा पेला उचलला आणि ते निघून गेले.

चौथ्या दिवशी मुद्रिते सापडली. मुद्रकाकडे पाठवलेल्या दुसऱ्या गठ्ठ्यात ती बांधलेली होती आणि गाठ माझ्या हातची होती. त्या आठवड्यात कार्यालयासमोरचा रस्ता खणलेला होता; प्रत्येकाच्या चपलेला, हाताला, माझ्याही पदराला ती माती होती.

१८९३ च्या एका कथेत होम्सचे अनुमान साफ चुकते. पती-पत्नीच्या दुराव्यामागे तो कुणा दुष्टाचे कारस्थान पाहतो. निघते ते आईने भीतीपोटी दडवलेले एक लेकरू. ते घडते नॉरबरी गावी. मी फार गर्वाने बोलू लागलो तर माझ्या कानात ‘नॉरबरी’ म्हण, असे तो वॉटसनला सांगून ठेवतो. लहानपणी ही कथा मला नीरस वाटे, कारण तीत कोणी पकडला जात नाही.

मी शिपाईबाबांची क्षमा मागितली, तीही चारचौघांसमोरच; आरोप तेथे केला होता. “इरली बिडी, मेडम,” ते म्हणाले. असू द्या, सोडा. आणि थोडे थांबून त्यांनी सांगितले की त्या दिवशी ते लवकर गेले ते नातीला डॉक्टरकडे न्यायचे होते म्हणून. मी ते विचारलेच नव्हते.

कथा मी पुन्हा लिहायला घेतली आहे. परिशेत शेंगांचे पोते आता एका वृद्ध सायकलस्वाराजवळ सापडते, आणि माझा गुप्तहेर त्याच्यावर बोट रोखण्याआधी एक साधा प्रश्न विचारतो. शर्ट काकांच्या सल्ल्याने दुरुस्त केला आहे. पुढील आठवड्यात सारे त्यांना वाचून दाखवायचे आहे. बाह्यांविषयी त्यांचे अजून काही म्हणणे असल्याचे कळते.